संथ नदीचे चित्र

सुशिक्षित कुटुंबांच्या बैठकीच्या खोल्यांत जी चित्रे टांगलेली आढळतात, त्यांत निसर्गदृश्यांचा भरणा पुष्कळ असतो. आणि निसर्गदृश्यांतही संथ पाणी, पलीकडचा काठ व वर आकाश एवढ्यावरच भागविलेली चित्रे लोकांस विशेष प्रिय असतात. ही आवड स्वाभाविक आहे. दिवसभराच्या उद्योगाने शिणलेल्या मनास वाहत्या पाण्याच्या दर्शनाने विसावा मिळतो, आणि नदी जवळ नसली तर तिच्या चित्रानेही तो काही अंशी मिळतो. परंतु या विसाव्याविषयी एक प्रश्न विचारण्याजोगा आहे. जे पाणी वरून संथ दिसते, त्याच्या पोटात पुष्कळदा कोणाचे श्रम, कोणाची हानी, क्वचित कोणाचे घरदारही असते. ते न दाखविणारे चित्र पाहणाऱ्यास फसविते काय? आणि फसवीत असेल, तर असल्या विसाव्याचा उपभोग घेणे नीतीस धरून आहे काय? पुणे जिल्ह्यातील जुन्नर व आंबेगाव या तालुक्यांतील नद्यांकडे जो आज पाहील, त्यास हा प्रश्न टाळता येणार नाही. त्याचा विचार करताना आम्ही प्रथम एक परदेशी चित्र हाती घेणार आहोत. कारण आपल्या घरचा तंटा सोडविण्यापूर्वी तसाच परक्याचा तंटा समजून घेतला, तर बुद्धी अधिक स्थिर राहते.

हिरोशिगे हा जपानी चित्रकार १७९७ साली एदो शहरात, म्हणजे आजच्या तोकियोत, जन्मास आला. आगीचा बंदोबस्त करणाऱ्या सरकारी पथकातील वंशपरंपरागत चाकरी त्याच्या घराण्याकडे होती. ती पुढे आप्ताकडे सोपवून त्याने चित्रकलेस वाहून घेतले. आयुष्याच्या अखेरीस, १८५६ साली, त्याने 'एदोतील शंभर प्रसिद्ध स्थळे' ही माला आरंभिली. नाव शंभराचे असले तरी चित्रे शंभराहून अधिक झाली. या मालेत १८५७ सालचे एक चित्र आहे. आयासे नावाची नदी सुमिदा या मोठ्या नदीस मिळते, त्या ठिकाणचा तो देखावा. वरच्या अंगास काठावरल्या झाडाची फांदी गुलाबी तुऱ्यांनी लवलेली आहे. खाली निळे पाणी विस्तीर्ण पसरले आहे. त्यावर एक मनुष्य वेळूने तराफा हाकीत चालला आहे. आणि पाण्यावरून एक पांढरा बगळा उडत आहे. एवढेच. ते झाड आपल्या शिरीषाच्या कुळातले. रात्री त्याची पाने मिटतात म्हणून जपानी भाषेत त्यास झोपेवरून नाव पडले आहे. सारे चित्रच जणू काही पाने मिटण्याच्या वेळेचे आहे. आज त्याच्या प्रतिकृती कोठेही मिळतात, आणि जपानचे नावही न ऐकलेल्या मनुष्यास ते पाहून बरे वाटेल.

आता या शांततेच्या मागे काय आहे ते पाहू. माला सुरू होण्याच्या काही महिनेच आधी, १८५५ च्या नोव्हेंबरात, एदो शहर भूकंपाने हादरले. घरे कोसळली, पाठोपाठ आगी लागल्या, आणि हजारो माणसे मेली. हिरोशिगेने ज्या काठांची, पुलांची व देवळांची चित्रे काढली, ती या आपत्तीतून नुकतीच डोके वर काढीत होती. पुढे १८५८ साली एदोत पटकीची साथ आली आणि त्याच सुमारास हिरोशिगेही मरण पावला. म्हणजे ही संथ नदी एका आपत्तीच्या आणि दुसऱ्या आपत्तीच्या मधल्या अवकाशात रेखाटलेली आहे.

दुसरी गोष्ट हातांची. आपण ज्यास हिरोशिगेचे चित्र म्हणतो, त्यात हिरोशिगेचा हात केवळ मूळ रेखाटनास लागला. ते रेखाटन चेरीच्या फळीवर चिकटवून रेघ न् रेघ कोरणारा कारागीर निराळा. प्रत्येक रंगासाठी निराळी फळी तयार करावयाची, आणि सर्व फळ्यांवरची चित्रे केसभरही न सरकता एकमेकांवर बसली पाहिजेत म्हणून कोपऱ्यात खुणा ठेवावयाच्या, हे त्याचे काम. नंतर ओलसर कागद फळीवर ठेवून वेळूच्या पानाने मढविलेल्या चकतीने तो घासणारा छापणारा निराळा. आकाशाच्या वरच्या कडेस गडद असलेला रंग खाली येता येता विरून जातो, ती किमया चित्रकाराच्या कुंचल्याची नसून छापणाऱ्याने प्रत्येक प्रतीच्या वेळी फळीवरचा रंग हाताने पुसून साधलेली असते. पाण्याचा तो खोल निळा रंगही मूळचा जपानी नव्हे. अठराव्या शतकाच्या आरंभी बर्लिन येथे शोधून काढलेला तो रंग व्यापाराच्या वाटेने तेथवर पोचला होता. चित्रावर सही हिरोशिगेची व नाममुद्रा प्रकाशकाची. कोरणाऱ्याची व छापणाऱ्याची नावे बहुधा त्यावर नसतात.

तिसरी गोष्ट नावाची. या स्थळास कानेगाफुची म्हणतात. त्याचा अर्थ 'घंटेचा डोह'. कोणे एके काळी एका देवळाची घंटा येथे पाण्यात पडली आणि पुन्हा वर आली नाही, अशी आख्यायिका आहे. चित्रात घंटा दिसत नाही. पण चित्राच्या कोपऱ्यातील चौकटीत ते नाव लिहिलेले आहे, आणि एदोतील ज्या सामान्य गिऱ्हाइकाने अल्प किंमत देऊन हे चित्र घेतले, त्यास त्या संथ पाण्याखाली काय आहे हे त्या नावामुळे ठाऊक होते. पुढे तीसएक वर्षांनी याच काठावर कापसाची एक मोठी गिरणी उभी राहिली आणि तिनेही डोहाचेच नाव घेतले. तराफा व बगळा दोन्ही तेथून गेले. आज त्या काठाच्या जुन्या रूपाची साक्ष हे चित्र देते.

चित्रात न दिसणाऱ्या हातांचा विषय निघाल्यावर आम्हांस जुन्नरची आठवण होते. ही चित्रे ज्या कागदावर छापली जात, तो तुतीच्या जातीच्या एका झाडाच्या सालीपासून हाताने केलेला, चिवट आणि पाणी सोसणारा कागद होता. त्यावाचून इतक्या वेळा ओला होऊन इतके रंग अंगावर घेणे साधले नसते. आपल्याकडे जुन्नरी कागदाची ख्याती अशीच होती. कुकडीच्या काठच्या या गावातील कागदी लोकांनी केलेल्या कागदावर पेशवाईतील पत्रे, हिशेब आणि पोथ्या लिहिल्या गेल्या. त्या पत्रांतील सरदारांची व कारकुनांची नावे इतिहासकारांनी शोधून काढली आहेत. ज्याने लगदा कुटला व कागद उचलला त्याचे नाव कोणी विचारले नाही. पाहणारा वरचे पाहतो आणि खालचे विसरतो, ही सवय जपानी गिऱ्हाइकास जशी होती तशी आम्हांसही आहे.

जुन्नर आणि आंबेगाव हा नद्यांचा मुलूख आहे. सह्याद्रीच्या ऐन कण्यावरून कुकडी, मीना व घोड या नद्या पूर्वेस उतरतात. मीना आणि कुकडी अखेर घोडेस मिळतात व घोड भीमेस मिळते. येथील खोऱ्यांनाही नद्यांवरून नावे पडली आहेत. कुकडनेर आणि मीननेर ही जुन्या कागदपत्रांतून नेहमी भेटणारी नावे तीच. पश्चिमेकडील डोंगराळ भागात महादेव कोळी समाजाची वस्ती. भात, नाचणी व वरई ही पिके, आणि रानातला हिरडा गोळा करून विकणे हा जोडधंदा. पूर्वेस जावे तसतसा पाऊस कमी होतो आणि जमीन काळी व सपाट होते. पाऊस एका टोकास आणि शेते दुसऱ्या टोकास, अशी या तालुक्यांची रचना असल्यामुळे मधे पाणी अडविण्याची कल्पना सुचणे साहजिक होते. कुकडी प्रकल्पाची पाच धरणे, येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे, या कल्पनेतून झाली.

त्यांपैकी डिंभ्याचे धरण घोड नदीवर आहे आणि त्यात सुमारे साडेतेरा अब्ज घनफूट पाणी मावते. या पाण्याखाली जी गावे गेली, त्यांत आंबेगाव हेही एक होते. ज्या गावाने सबंध तालुक्यास नाव दिले, ते गावच आज नकाशावर पाण्याच्या निळ्या रंगात आहे. तालुक्याची कचेरी घोडेगावास आहे, मोठा बाजार मंचरास भरतो, आणि कागदोपत्री तालुका मात्र आंबेगावचा. उन्हाळ्यात पाणी ओसरले म्हणजे जुन्या वस्तीचे अवशेष उघडे पडतात. मृग लागून पाऊस जमला की ते पुन्हा दिसेनासे होतात. घंटेच्या डोहाची आख्यायिका जपानात आख्यायिकाच राहिली. आमच्या घोड नदीत ती खरी झाली.

मंचर-घोडेगावावरून भीमाशंकरास जाणारा रस्ता या जलाशयाच्या बाजूने जातो. पावसाळा सरताच येणारे-जाणारे लोक तेथे गाडी थांबवून पाण्याची छायाचित्रे घेतात. हिरवे डोंगर, त्यांची पाण्यातली छाया, वर विरळ ढग. देखावा खरोखरच सुंदर आहे, आणि त्यास सुंदर म्हणणाऱ्यास आम्ही दोष देत नाही. आमचा प्रश्न एवढाच की, हे छायाचित्र आणि हिरोशिगेचे ते चित्र यांच्या शांततेत काही भेद आहे की नाही?

कोणी म्हणेल, असला भेद शोधणे हाच मुळी अरसिकपणा आहे. सौंदर्य ते सौंदर्य. त्याने आनंद द्यावा एवढेच त्याचे कर्तव्य. याच्या उलट दुसरा कोणी म्हणेल की, दुःख झाकणारे सौंदर्य हे दुःख देणाऱ्याचे वकीलपत्र होय. चित्रकाराने बुडालेले गाव काढावे, नाहीतर कुंचला खाली ठेवावा. फडके आणि खांडेकर यांच्या पक्षांत कलेकरिता कला व जीवनाकरिता कला असा जो वाद महाराष्ट्रात गाजला, त्यातील युक्तिवाद वाचकांस परिचित आहेत. ते येथे पुन्हा मांडण्याचे कारण नाही. दोन्ही पक्ष एक गोष्ट गृहीत धरतात, ती ही की, शांतता म्हणजे दुःखाचा अभाव. पहिला पक्ष त्या अभावाचे स्वागत करतो, दुसरा त्याचा निषेध करतो. आमच्या मते हे गृहीतच तपासून पाहिले पाहिजे.

आपल्या प्राचीन साहित्यशास्त्रात या बाबतीत अधिक खोल विचार झालेला आहे. भरताने आठ रस सांगितले. नववा शांत रस मानावा की नाही यावर पुढे शतकानुशतके खल झाला. ज्यांनी तो मानला त्यांत काश्मीरचे आनंदवर्धन आणि अभिनवगुप्त हे अग्रणी होत. आनंदवर्धनाने तर महाभारताचा प्रधान रस शांत आहे असे प्रतिपादन केले. प्रथमदर्शनी हे विधान चमत्कारिक वाटते. अठरा अक्षौहिणी सैन्याचा संहार, बापाच्या डोळ्यांदेखत पोरांची प्रेते, जिंकणाऱ्यांच्याही कपाळी शेवटी हिमालयातले मरण. अशा ग्रंथात शांती कोठून आली? परंतु आनंदवर्धनाचा अभिप्राय असा की, हे सर्व पाहून झाल्यावर जी वृत्ती उरते, तीच शांती. ती सर्व काही जाणून आलेली असते. ज्याने काही पाहिलेच नाही त्याच्या मनाच्या स्थितीस शांती म्हणता येत नाही. तिला फार तर निश्चिंती म्हणावे. आणि निश्चिंती ही झोपेची बहीण आहे. तिचा रसाशी संबंध नाही.

हा निकष लावला म्हणजे भेद स्पष्ट होतो. हिरोशिगे ज्या शहराचा होता ते शहर त्याच्या डोळ्यांसमोर कोसळले होते, आणि ज्यांनी त्याची चित्रे विकत घेतली त्यांच्यापैकी पुष्कळांनी त्या भूकंपात आपले माणूस गमावले असेल. त्यांना पडझड दाखविण्याची गरज नव्हती. ती त्यांनी पाहिली होती. त्यांना गरज होती ती नदी अजून वाहते आहे, तराफेवाला अजून कामास निघाला आहे, झाड अजून फुलते आहे, हे कोणीतरी सांगण्याची. चित्रकार आणि पाहणारा या दोघांसही जे ठाऊक होते, ते चित्रात काढले नाही म्हणून लपले असे होत नाही. शोक झालेल्या घरी जाऊन आपण मृताविषयी बोलत नाही, इकडचे तिकडचे बोलतो. ते असत्य नसते, कारण न बोललेली गोष्ट दोघांच्याही मनात असते. शिवाय त्या चित्रात श्रम करणारा मनुष्य आहे आणि बुडालेल्या घंटेचे नावही आहे.

जलाशयाचे छायाचित्र घेणारा मात्र बहुधा पुण्या-मुंबईकडून आलेला असतो. त्या पाण्याखाली गाव आहे हे त्यास ठाऊक नसते, आणि छायाचित्रात ते सांगणारे काहीच नसते. माणसे नसलेला देखावा अधिक सुंदर दिसतो अशी त्याची समजूत असल्यामुळे काठावरच्या कोळ्याची होडी आली तर तो ती टाळतो. वस्तुतः तेथे माणसे आहेत. पाणी ओसरल्यावर उघड्या पडलेल्या जमिनीत गाळपेर करणारी कुटुंबे आहेत. विस्थापित आदिवासींनी मासेमारीची सहकारी सोसायटी काढून त्याच पाण्यावर आपला हक्क मिळविला. त्यांच्यात काम करणाऱ्या 'शाश्वत' या संस्थेस संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे इक्वेटर पारितोषिक २०१२ साली मिळाले. डोंगरउतारावर सर्वांनी मिळून भातखाचरे बांधण्याची 'पडकई' नावाची जुनी रीतही त्या भागात जिवंत आहे. म्हणजे चित्रात घालण्याजोगा तराफेवाला येथेही आहे. पाहणाऱ्याने त्यास चौकटीबाहेर ठेवला आहे.

येथे एक आक्षेप येईल आणि तो हलका नाही. धरणाने हजारो एकर जमीन भिजते. जुन्नर-आंबेगावचा पूर्वभाग, शिरूर, पारनेर, श्रीगोंदे, कर्जत, करमाळा, म्हणजे पुणे, अहिल्यानगर व सोलापूर या तीन जिल्ह्यांतील कोरडवाहू शेतकरी या प्रकल्पाच्या पाण्याकडे डोळे लावून असतो. ज्याच्या विहिरीस उन्हाळ्यात पाणी नव्हते त्याच्या शेतात आज पीक उभे आहे. त्याची मुले शिकली, कर्जाचा फास सैल झाला. थोड्यांच्या हानीने पुष्कळांचे कल्याण झाले असेल, तर त्या हानीचे सुतक किती दिवस धरावयाचे?

या आक्षेपातील कल्याणाचा भाग आम्हांस सर्वस्वी मान्य आहे. धरणे बांधूच नयेत असे आमचे म्हणणे नाही. तहानलेल्याच्या तोंडचे पाणी काढून सौंदर्यमीमांसा करणे हे पाप होय. परंतु आक्षेपातील 'थोड्यांच्या हानीने' या शब्दांत एक गफलत आहे. हानी ही आपोआप घडणारी गोष्ट आहे. येथे घडले ते एकाकडून घेऊन दुसऱ्यास देणे. ज्याकडून घेतले त्याचे ऋण होते, आणि ऋण बहुमताने फिटत नाही. याच पुणे जिल्ह्यात १९२१ साली मुळशीच्या मावळ्यांनी सेनापती बापटांच्या पुढारीपणाखाली सत्याग्रह केला तो याच मुद्द्यावर. पुढे १९७६ साली महाराष्ट्राने प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा केला, यात ते ऋण राज्याने तत्त्वतः कबूल केले असे म्हटले पाहिजे. जमिनीच्या बदल्यात जमीन हा त्या ऋणाचा एक हप्ता. तो पुरा फिटला तरी दुसरा एक हप्ता उरतो, आणि तो सरकारने फेडावयाचा नसून पाणी पिणाऱ्याने, पीक काढणाऱ्याने आणि देखावा पाहून सुखावणाऱ्याने फेडावयाचा आहे. तो म्हणजे ज्याचे घेतले त्याचे नाव लक्षात ठेवणे.

हे मागणे भाबडेपणाचे आहे असे कोणास वाटेल, तर त्याने जुन्नरच्या लेण्यांकडे जावे. तेथील शिलालेखांत इरिल नावाच्या एका यवनाचा लेख आहे. यवन म्हणजे परदेशी, बहुधा ग्रीक कुळाचा. त्याने पाण्याची दोन टाकी दान केली एवढेच त्यात नोंदविले आहे. या गोष्टीस सुमारे अठराशे वर्षे झाली. परक्या देशचा एक मनुष्य, दान केवळ दोन टाक्यांचे. तरी ते कातळात कोरून ठेवावे असे त्या काळच्या लोकांस वाटले, आणि म्हणून आज आपण त्याचे नाव घेऊ शकतो. पाणी देणाऱ्याचे नाव राखण्याची रीत या मुलखात इतकी जुनी आहे. मग ज्यांनी दोन टाक्यांऐवजी आपली शेते, उंबरे, देवळे आणि वडिलांची स्मशाने पाण्यास दिली, आणि तीही स्वखुशीने नव्हे, त्यांची नावे कोठे आहेत? डिंभ्याच्या जलाशयास हुतात्मा बाबू गेनू यांचे नाव दिलेले आहे. ते उचितच आहे. याच तालुक्यातील महाळुंगे पडवळ गावचा हा गिरणी कामगार परदेशी कापडाची मोटार अडविताना १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत मरण पावला. परंतु त्यांच्या नावाच्या जोडीस बुडालेल्या गावांची व त्यांतील कुळांची यादी त्याच काठावर दगडात कोरून लावली, तर त्यांच्या स्मृतीस उणेपणा न येता उलट सोबतच मिळेल.

मूळ प्रश्नाकडे वळून आम्ही एवढेच म्हणतो की, संथ नदीचे चित्र भिंतीवर टांगण्यात काहीही अनुचित नाही, आणि जलाशयाच्या काठी उभे राहून सुखावण्यातही नाही. पाण्याखाली काय आहे हे कळल्यावर तो आनंद नाहीसा होईल अशी भीती ज्यास वाटते, त्याचा आनंद निश्चिंतीचा होता. तो गेला तरी शोक करण्याचे कारण नाही. जो कळल्यावरही टिकतो, किंबहुना कळल्यामुळे गंभीर होतो, तोच घरी नेण्याजोगा. म्हणून आमची वाचकांस विनंती आहे की, यापुढे भीमाशंकराच्या वाटेवर मुलाबाळांसह डिंभ्याचे पाणी पाहावयास थांबाल, तेव्हा त्यांस ते किती सुंदर आहे हे अवश्य दाखवा. आणि तालुक्याचे नाव ज्यावरून पडले ते आंबेगाव कोठे आहे असे त्यांनी विचारले, तर पाण्याकडेच बोट दाखवा.